दात दाखवून अवलक्षण

निकालाच्या दिवशी साडेदहा वाजेपर्यंत आमच्या इमारतीच्या पाचही मजल्यांना रबाबचे टक्के कळले होते. मला पावणेअकराला कळले. मी तिचा बाप, आणि बापाला सगळं शेवटी सांगायचं ही आमच्या घरची रीत आहे. पाचव्या मजल्यावरच्या हाज्जा तफीदांनी जिन्यात उभं राहून जीभ हलवत आनंदाची अशी लांबलचक किलकारी दिली की ती खाली तामियाची भजी तळणाऱ्यानं ऐकली, आणि त्यानं मला ऑफिसात फोन केला. "उस्ताज रिफअत, मुबारक. एकोणनव्वद टक्के. तुम्हाला घरून फोन आला नव्हता का?"

एकोणनव्वद म्हणजे काय ते सांगतो. आमच्याकडे बारावीला एकोणनव्वद पडले म्हणजे पोरगी हुशार, पण बाप कमनशिबी. एवढ्या टक्क्यांत सरकारी विद्यापीठात माणसांची डॉक्टर होता येत नाही, माणसांच्या दातांचीही होता येत नाही. जनावरांची होता येतं. खाजगीत मात्र याच टक्क्यांना दातांची जागा मिळते, फक्त सोबत पैसे न्यावे लागतात. किती, ते सांगून वाचकाचा दिवस खराब करत नाही. माझ्यासारख्या पाटबंधारे खात्यातल्या वरिष्ठ लिपिकानं चार वर्षं न जेवता काम केलं तर एका वर्षाची फी निघते.

संध्याकाळी सरबत प्यायला सगळे जमले. लाल सरबत दोन पातेली केलं होतं, सल्ला मात्र त्याहून जास्त निघाला.

"सरकारी ते सरकारी," शेजारचे निवृत्त हेडमास्तर उस्ताज वहबा म्हणाले. "खाजगी पदवी म्हणजे भाड्याचा सूट. फोटोत बरा दिसतो, पण हात वर केला की काखेत उसवतो."

"आणि जनावरांची डॉक्टर झाली तर स्थळं कुठून यायची?" हाज्जा तफीदा म्हणाल्या. "मुलगा बघायला येणार आणि ही गाढवाच्या पोटाला कान लावून बसलेली. लोक कोणाला बघून जातील?"

आता माझा मेहुणा पुढे सरसावला. त्याचं नाव सबरी, पण सबुरीशी त्याची ओळख नाही. तो नळ आणि न्हाणीघरातली भांडी विकतो, आणि बोलायला लागला की समोरचा माणूस एक तरी नळ घेऊनच उठतो. "दाजी," तो म्हणाला, "साधा हिशेब आहे. माणसाला दात बत्तीस. देशात माणसं दहा कोटी. करा गुणाकार."

"मला सहाच आहेत," उस्ताज वहबा म्हणाले.

"म्हशीलाही बत्तीस असतात, मामा," रबाब म्हणाली. दिवसभरात ती बोललेलं हे पहिलं वाक्य.

रबाबला जनावरांचीच डॉक्टर व्हायचं होतं. हे मला माहीत होतं, पण मी ते माहीत नसल्यासारखं वागत होतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या बायकोच्या मावशीच्या गावी म्हैस अडली. डॉक्टर कालव्याच्या पलीकडे दुसऱ्या म्हशीत अडकलेला. तो फोनवरून सांगत गेला, आणि सोळा वर्षांच्या रबाबनं खांद्यापर्यंत हात घालून पारडू फिरवलं, ओढून बाहेर काढलं. मावशीनं त्या पारडीचं नाव रबाब ठेवलं. हा मान फार मोठा आहे असं मला सगळ्यांनी समजावलं, पण मी ऑफिसात कोणाला सांगितलं नाही. ऑफिसात मी गेली आठ वर्षं "डॉक्टरीणबाईंचे वडील" आहे. चहावालासुद्धा मला तशीच हाक मारतो. एवढी वर्षं जमवलेली इज्जत एका म्हशीपायी घालवायची माझी तयारी नव्हती.

माझ्या बायकोचं नाव इन्साफ. घरात तो मला अजून मिळालेला नाही. त्या दिवशी झोपण्याआधी ती म्हणाली, "माझ्या बहिणीची शाहिनाज दातांची डॉक्टर झाल्यापासून बहीण फोनवर कशी बोलते बघितलंत? आधी दोन मिनिटं नुसती थकते. म्हणते, पेशंट फार आहेत गं. पेशंट मुलीचे आणि थकते ही."

"मग?"

"मग मलाही थकायचंय," इन्साफ म्हणाली.

सरकारी प्रवेशाचे पसंतीक्रम रबाबनं स्वतःच संगणकावर भरले. मी मागे खुर्ची टाकून बसलो होतो, पण मला तिनं हिवाळ्यातल्या पंख्याएवढंच महत्त्व दिलं. आणि सबरी माझ्या कानाला लागला. "दाजी, एकदा नुसतं बघून तर येऊ. बघायला काय जातं?"

वाचकहो, बघायला काय जातं असं जो म्हणतो त्याचं कधीच काही जात नाही. जातं ते दुसऱ्याचं.

ते खाजगी विद्यापीठ कैरोच्या रस्त्यावर, वाळवंटात आहे. नाव सांगत नाही. रबाब आली नाही. म्हणाली, "मला दात बघायचे नाहीत." इन्साफनं कपाटातल्या चादरींखालून रबाबची मूळ गुणपत्रिका काढून माझ्या हातात दिली. "असू द्या जवळ," म्हणाली. "दाखवायला लागली तर." मी माझ्या लग्नानंतर शिवलेला एकमेव सूट घातला होता. ऑगस्टचा महिना होता. सबरीच्या गाडीचा एसी फक्त हिवाळ्यात चालतो.

आत मात्र गारवा असा की मला आपण मेलो आणि हिशेब चांगला निघाला असं वाटलं. फरशीत माझा चेहरा दिसत होता. दालिया नावाची एक हसरी मुलगी आमच्या स्वागताला आली, तिनं कॉफी दिली, लोण्याचे पाव दिले आणि मला तीनदा "सर" म्हणाली. सव्वीस वर्षांच्या नोकरीत मला लागोपाठ तीनदा कोणी सर म्हटलेलं नाही. मी पहिल्यांदा म्हणालो, "छान आहे." दुसऱ्यांदा म्हणालो, "फारच छान आहे." तिसऱ्यांदा काय म्हणालो आठवत नाही, पण सबरीनं माझा हात दाबला.

मग दातांचा दवाखाना बघायला नेलं. वीसेक पालक होते. ओळीनं पांढऱ्या खुर्च्या, डोक्यावर दिवे. सकाळपासून उभा होतो, सूट अंगाला चिकटलेला, म्हणून मी कोपऱ्यातल्या एका खुर्चीवर टेकलो. खुर्ची आपोआप मागे झुकली. वर दिवा लागला. आणि डॉक्टर तामर नावाचा एक उत्साही तरुण अध्यापक माझ्यावर वाकला.

"वा," तो म्हणाला. "हे गृहस्थ स्वतःहून पुढे आले. आ करा."

नाही म्हणायला मी तोंड उघडलं आणि तिथंच फसलो. त्यानं आरसा आत घातला. वीस पालक गोल करून उभे राहिले. माझं तोंड समोरच्या मोठ्या पडद्यावर आलं. माझं तोंड मी स्वतः इतकं जवळून कधी पाहिलेलं नव्हतं. शत्रूवरही ती वेळ येऊ नये.

"या," डॉक्टर तामर म्हणाला, "हे बघा. उजवीकडे खाली मूळ राहिलंय. डावीकडे वर जुन्या धातूची टोपी. ही कोणी बसवली, लोहारानं? आणि अक्कलदाढ बघा, आडवी झोपलीय. पाठ्यपुस्तकातल्या तीन धड्यांचा मजकूर एका तोंडात आहे." एका बाईंनी आपल्या मुलाला पुढे ढकलून म्हटलं, "बघ, साखर खातोस ना?"

त्याच वेळी दालिया कागद घेऊन आली. "सर, जागा राखून ठेवायची ना? आज शेवटचा दिवस आहे. नंतर रद्द करता येते." सबरीनं माझ्या खिशातून गुणपत्रिका काढून दिली, माझ्या हातात पेन दिलं. मी "थांबा" म्हणालो, पण आरशाच्या दांड्यामुळे ते "आ आ" असं बाहेर आलं. मी सही केली. माझं म्हणणं एवढंच आहे की तोंडात आरसा असताना केलेली सही कायद्यानं सही धरू नये.

घरी आल्यावर मी रबाबला काहीच सांगितलं नाही. राखून ठेवलीय, घेतली थोडीच आहे, असं मी स्वतःला समजावलं. रद्द करता येते, असंही समजावलं. मी समजूतदार माणूस आहे, चटकन समजलो.

दहा दिवसांनी सरकारी यादी लागली. रबाबला पहिली पसंती मिळाली होती: पशुवैद्यकीय, आमच्याच गावातल्या विद्यापीठात, घरून बसनं वीस मिनिटं. ती शेगडीपाशी उभ्या इन्साफच्या गळ्यात पडली. हसणं तिला फार येत नाही, पण त्या दिवशी तिचे सगळे दात मला दिसले आणि ते सरळ होते. मग ती कपाटाकडे गेली. चादरी उचलल्या. परत ठेवल्या. पुन्हा उचलल्या.

"आई, गुणपत्रिका कुठे आहे?"

इन्साफनं माझ्याकडे पाहिलं. मी सबरीकडे पाहिलं असतं, पण तो नळ विकायला गेला होता.

मी सांगितलं. सगळं सांगितलं, खुर्चीसकट. मला वाटलं ती ओरडेल, रडेल, निदान भांडी आपटेल. तिनं काहीच केलं नाही. "चार दिवसांत मूळ कागद जमा करायचेत," एवढंच म्हणाली, आणि गच्चीवर जाऊन कबुतरांची खुराडी घासायला लागली. दोन तास घासत होती. खाली आली तेव्हा माझ्याशी बोलली नाही. इन्साफही माझ्याशी बोलली नाही, जणू चादरींखालून गुणपत्रिका मीच शोधून काढली होती.

दुसऱ्या दिवशी मी सरकारी विद्यापीठाच्या प्रवेश कचेरीत गेलो. खिडकीच्या आत मदाम नग्वा नावाच्या बाई फूलचं, म्हणजे शिजवलेल्या कडधान्याचं, सँडविच खात होत्या. मी आपली अडचण सांगितली. त्यांनी एक घास संपवला, दुसरा घेतला.

"मूळ गुणपत्रिका आणा, फाइल घेते."

"ती खाजगीत अडकलीय. ते म्हणतात, रबाबला सरकारी जागा मिळाल्याचं तुमचं पत्र द्या, मग सोडतो." हे मी फोन करून विचारून घेतलं होतं.

"पत्र फाइल जमा झाल्यावर मिळतं."

"आणि फाइलमध्ये काय लागतं?"

"मूळ गुणपत्रिका."

मी शांतपणे म्हणालो, "मदाम, म्हणजे पत्र मिळायला गुणपत्रिका, आणि गुणपत्रिका मिळायला पत्र."

"हो," त्या म्हणाल्या. समजून घेणारा माणूस भेटल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं. "यातून मार्ग मुख्य लिपिक काढतात. ते रजेवर आहेत. उद्या या."

उद्या या. हे शब्द मी सव्वीस वर्षं दुसऱ्यांना सांगत आलो. किती शेतकऱ्यांना, किती वेळा, पाण्याच्या पाळीच्या कागदासाठी. समोरून ऐकायला ते इतके वाईट लागतात हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल तर मी त्यांनाही उद्या यायला सांगितलं असणार.

मी उद्या गेलो. मुख्य लिपिक आले होते, पण शिक्क्याच्या कपाटाची किल्ली घरी विसरले होते. घर दुसऱ्या गावात होतं. शेजाऱ्यांना बातमी लागली होतीच. उस्ताज वहबांनी मला जिन्यात गाठलं. "मी आधीच म्हटलं होतं, भाड्याचा सूट." हाज्जा तफीदांनी वरून टोपली सोडून अंडी पाठवली. सुतकाच्या घरी पाठवतात तशी.

तिसऱ्या दिवशी मी एकटाच वाळवंटात गेलो. दालियानं पुन्हा कॉफी दिली, पण सर म्हणाली नाही. पावही नव्हता. "पत्राशिवाय रद्द करायचं असेल तर समिती बसावी लागते," ती म्हणाली. "वीस तारखेनंतर बसेल."

"उद्या मुदत संपतेय."

"हो ना," दालिया म्हणाली. "वाईट वाटतं हो."

चौथ्या दिवशी, म्हणजे शेवटच्या दिवशी, सकाळी मी बूट घालत होतो तेव्हा रबाब बाहेर आली. तिच्या हातात पिशवी होती. "मी येते," ती म्हणाली. "तुम्ही एकटे गेलात की आणखी काहीतरी सही करून याल." चार दिवसांतलं हे तिचं पहिलं वाक्य. मला इतकं बरं वाटलं की त्यातला टोमणा मला गाडीनं निम्मी वाट कापल्यावर लागला.

सबरीनं गाडी आणली होती. वाटेत त्यानं एकदाही नळाचं नाव काढलं नाही.  कदाचित त्यालाही आपली चूक कळली होती.

दालियाच्या टेबलापाशी मी गयावया करत होतो, मुदत दुपारी दोनला संपते, दोन तासांचा रस्ता आहे, पोरीचं वर्ष जाईल. माझा आवाज चढला. आतल्या दालनातून डॉक्टर तामर बाहेर आला आणि मला बघून त्याचा चेहरा उजळला.

"तुम्हीच ना? उजवीकडे खाली, मूळ राहिलेलं?" जुना मित्र भेटावा तसा त्यानं माझा हात धरला. "तुमचा फोटो मी तीन वर्गांना दाखवलाय."

मग कळलं ते असं. त्या सकाळी कैरोहून तपासणी समिती आली होती. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना तिच्यासमोर अवघड रोग्यावर काम करून दाखवायचं होतं. ठरलेला रोगी खुर्ची बघून पळाला होता. आणि डॉक्टर तामर स्वतः त्या प्रवेश रद्द करणाऱ्या समितीचा सभासद होता.

मी रबाबकडे पाहिलं. ती खाली बघत होती. तिच्या पायात तेच बूट होते, ज्यात ती त्या म्हशीपाशी गेली होती. बाजूला वाळलेल्या शेणाचा डाग अजून होता. तिनं तो काढायचा कधी प्रयत्न केला नसावा.

"डॉक्टर," मी म्हणालो, "तोंड तुमचं. पण गुणपत्रिका आधी तिच्या हातात द्या. मग मी आ करीन."

डॉक्टर तामरनं दालियाला बाजूला नेलं. दोन कागदांवर त्याची सही झाली, तिसऱ्यावर माझी, आणि या खेपेला मी ती कोरड्या, रिकाम्या तोंडानं, वाचून केली. मूळ गुणपत्रिका रबाबच्या पिशवीत गेली. मग मी सूटचा कोट काढून सबरीला दिला आणि त्याच खुर्चीवर जाऊन बसलो.

दोन दात आणि एक मूळ काढलं. आडवी झोपलेली दाढ त्यांनी तशीच ठेवली, वेळ नव्हता म्हणून. तपासणी समितीचे तीन वयस्क सभासद वाकून बघत होते, त्यातला एक म्हणाला, "फार सुंदर केस आहे." भूल देताना माझे पाय खुर्चीवरून वर उडाले. रबाब पायथ्याशी उभी होती. तिनं माझे दोन्ही घोटे धरले, अगदी घट्ट, जनावराचे धरतात तसे, आणि शिकाऊ मुलाला म्हणाली, "आता करा. मी धरलंय. म्हशीपेक्षा बाबा जास्त हलतात." त्या मुलानं तिच्याकडे आदरानं पाहिलं.

अकरा चाळीसला आम्ही निघालो. माझ्या तोंडात कापसाचे तीन बोळे, अर्धा चेहरा लाकडाचा. सबरीनं गाडी अशी हाणली की रस्त्याकडेचे खजूर मला एकाला एक चिकटलेले दिसले. मागच्या सीटवर मी मनात एक वाक्य तयार करत होतो. मला कचेरीत ते म्हणायचं होतं, सगळ्यांसमोर, मदाम नग्वांना, जमलं तर मुख्य लिपिकालाही: ही माझी मुलगी स्वतःच्या मर्जीनं जनावरांची डॉक्टर होते आहे, आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. वाक्य चांगलं होतं. बनवायला मला पाऊण तास लागला.

एक चाळीसला आम्ही खिडकीवर पोहोचलो. मदाम नग्वांनी फाइल घेतली. एकेक कागद उलटला. शिक्क्याचं कपाट त्या दिवशी उघडं होतं. शेवटच्या कागदावर त्या थांबल्या, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"पालकांची संमती आहे ना? नंतर खाजगीत नेतो म्हणून याल, तर मी नाही बाई हे पुन्हा सोडवणार."

मी पुढे झालो. खिडकीचा कठडा धरला आणि माझं वाक्य म्हणालो. सगळं म्हणालो, शेवटपर्यंत, हात हलवून. 

मदाम नग्वांनी रबाबकडे पाहिलं. "काय म्हणाले?"

रबाबनं माझ्याकडे पाहिलं. 

"हो म्हणाले," ती म्हणाली.

"एवढं बोलून नुसतं हो?"

"बाकीचं ते मला घरी सांगतील."

शिक्का पडला. दोनाला सात मिनिटं होती.

बाहेर झाडाखाली सबरी उसाचा रस घेऊन उभा होता. तो त्यानं स्वतःच्या पैशानं घेतला होता, ही नोंद करायला हवी. मी ग्लास तोंडाला लावणार तोच रबाबनं माझा हात धरून खाली केला. मला ओट्यावर बसवलं, हनुवटी धरली, तोंड उजेडाकडे वळवलं.

"आ करा," ती म्हणाली.

मी आ केलं. तिनं बराच वेळ आत पाहिलं, एक बोळा काढून टाकला, पिशवीतून स्वच्छ कापूस काढून दुसरा बसवला. 

"आता दाबून धरा. अर्धा तास काही प्यायचं नाही आणि बोलायचं अजिबात नाही."

मला खूप काही बोलायचं होतं. उस्ताज वहबांना, हाज्जा तफीदांना, इन्साफच्या बहिणीला, ऑफिसातल्या चहावाल्याला काय सांगायचं ते सगळं जिभेवर आलं होतं. पण मी अर्धा तास एक अक्षर बोललो नाही. डॉक्टरांचं ऐकायचं असतं.